उघड्या खिडकीतील फोल्डर व टर्मिनलचे ठिकाण

पाचगणीच्या सिडने पॉइंटवर उभ्या राहिलेल्या मनुष्यास खाली कृष्णेचे खोरे, धोम धरणाचा जलाशय आणि वाईचा परिसर एका दृष्टिक्षेपात दिसतो. दृष्टी वाईपर्यंत पोहोचते. पाय मात्र पाचगणीतच असतात. अशा वेळी कोणी त्यास "येथला एक दगड उचल" असे सांगितले, तर तो पाचगणीचा दगड उचलील, वाईचा नव्हे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याचे कारणही पडू नये. परंतु संगणकापुढे बसलेला मनुष्य नेमकी हीच गोष्ट विसरतो, आणि तेथे तिची किंमत मोजावी लागते.

शाळेच्या संगणकावर काम करणाऱ्या शिक्षकाजवळ दोन साधने असतात. पहिले फाइल मॅनेजर. यात एक खिडकी उघडते, तीत फोल्डरांची व फाइलींची चित्रे दिसतात आणि माऊसने ती उघडता येतात. दुसरे टर्मिनल. यात चित्र नाही. एक चौकोन, एक लुकलुकणारी खूण आणि टंकलेली आज्ञा, एवढाच कारभार. बहुतेक शिक्षक पहिल्या साधनावरच समाधान मानतात व त्यात काही वावगे नाही. तथापि दोनशे छायाचित्रांची नावे एकदम बदलावयाची असली, किंवा एकाच प्रकारच्या फाइली वेगळ्या काढावयाच्या असल्या, तर माऊसने तासभर लागणारे काम टर्मिनलमध्ये एका ओळीत होते. म्हणून पुष्कळजण दोन्ही साधने शेजारी शेजारी उघडून ठेवतात. अडचण तेथेच उत्पन्न होते.

एक प्रसंग कल्पावा. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टराची पाने शिक्षकाने सुटीच्या दिवसांत एकेक करून कॅमेऱ्याने टिपली आहेत व 'जनरल रजिस्टर' नावाच्या फोल्डरात ठेविली आहेत. या रजिस्टराचे मोल शिक्षकांस सांगावयास नको. साठ वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या गृहस्थाचा नातू दाखल्याची नक्कल मागावयास येतो. जन्मतारीख व जात यांच्या पुराव्यास हेच पान लागते. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध झाला तेव्हा शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरेही तपासण्यात आली. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसात कागदास बुरशी धरते, वाळवीही लागते; काही पानांची आता छायाचित्रेच काय ती उरलेली असतात. सकाळी त्या पानांना क्रमांक देण्यासाठी शिक्षकाने टर्मिनल उघडून त्या फोल्डरात नेले व काम झाल्यावर ते तसेच उघडे राहू दिले. दुपारी त्याने फाइल मॅनेजरच्या खिडकीत 'सहल' हा फोल्डर उघडला. त्यात अस्पष्ट आलेली ऐंशी छायाचित्रे आहेत, ती सर्व काढून टाकावयाची आहेत. समोर खिडकी सहलीची, शेजारी टर्मिनल. त्याने टर्मिनलमध्ये 'येथील सर्व छायाचित्रे काढून टाक' या अर्थाची आज्ञा दिली.

खिडकीतील सहलीची छायाचित्रे जागची हलली नाहीत. गेली ती रजिस्टराची पाने. माऊसने काढलेली फाइल कचरापेटीत जाऊन पडते व तेथून परत आणता येते. टर्मिनलच्या आज्ञेने काढलेली फाइल कचरापेटीत जातच नाही. लिनक्समधील 'आर-एम' आणि विंडोजमधील 'डी-ई-एल' या दोन्ही आज्ञा या बाबतीत सारख्याच निष्ठुर आहेत.

तेव्हा प्रश्न असा : खिडकीत जो फोल्डर उघडा दिसतो त्याचा पत्ता टर्मिनलमध्ये कसा मिळवावा? आणि त्याही आधीचा प्रश्न असा की तो टर्मिनलला आपोआप का कळत नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट समजल्यावाचून पहिल्याची उत्तरे केवळ पाठ होतात व आठवड्यात विसरली जातात.

(आज्ञा रोमन लिपीतील अक्षरांत टंकावयाच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

पूर्ण पत्ता आणि जवळचा पत्ता

वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत याची गणती करणे कठीण. म्हणून पत्रावर गाव, तालुका, जिल्हा असा क्रम लिहावा लागतो. संगणकातही 'इयत्ता चौथी' या नावाचे फोल्डर प्रत्येक वर्षाच्या फोल्डरात निरनिराळे असतात. त्यांतील एकाचा निःसंदिग्ध निर्देश करण्यासाठी मुळापासून आरंभ करून, मधला प्रत्येक फोल्डर तिरप्या रेघेने जोडीत, शेवटच्या नावापर्यंत जावे लागते. हा पूर्ण पत्ता होय. जवळचा पत्ता निराळा : "शेजारच्या खोलीतला फळा आण" हे वाक्य ज्या वर्गात उच्चारले जाते त्या वर्गापुरतेच खरे. टर्मिनलमधील बहुतेक आज्ञा या दुसऱ्या जातीच्या असतात. त्या 'येथील' फाइलींविषयी बोलतात, आणि 'येथे' याचा अर्थ टर्मिनल जेथे उभे आहे तेथे, एवढाच.

टर्मिनल कोठे उभे आहे हे विचारण्याची आज्ञा 'पी-डब्ल्यू-डी' ही आहे. ही तीन अक्षरे पाहून बांधकाम खात्याची आठवण होणे साहजिक आहे. पण येथे त्यांचा अर्थ 'काम चालू असलेल्या फोल्डरचे नाव छाप' असा आहे. विंडोजच्या आज्ञापटलात हेच काम नुसते 'सी-डी' लिहिल्याने होते. 'सी-डी' पुढे पत्ता लिहिल्यास टर्मिनल त्या ठिकाणी जाते.

टर्मिनलला खिडकी का दिसत नाही

या 'सी-डी' आज्ञेचा एक जुना वृत्तान्त आहे व तो वर्गात सांगण्याजोगा आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीस आरंभ केला. आजची लिनक्स तिच्याच वळणावर घडलेली आहे. त्या पहिल्या दिवसांत ठिकाण बदलण्याची आज्ञा हा इतर आज्ञांसारखाच एक स्वतंत्र कार्यक्रम होता व तो बिनतक्रार चालत असे. पुढे प्रणालीत अशी सुधारणा झाली की आज्ञा स्वीकारणारा मुख्य कार्यक्रम प्रत्येक आज्ञेसाठी स्वतःची एक प्रतिकृती निर्माण करी, काम तिच्याकडून करवून घेई व काम होताच ती प्रतिकृती नाहीशी होई. ही सुधारणा होताच ठिकाण बदलण्याची आज्ञा निकामी झाली. शोध घेता कारण सापडले : प्रतिकृती नव्या फोल्डरात जात होती आणि तेथेच संपत होती, मुख्य कार्यक्रम जागचा हलतच नव्हता. गुरुजींनी निरोप देऊन एका मुलास वाईस पाठविले, मुलगा वाईस पोहोचला, म्हणून गुरुजी वाईस पोहोचले असे होत नाही. तेव्हापासून ठिकाण बदलण्याचे काम मुख्य कार्यक्रम स्वतःच करतो. रिची यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेविला आहे.

यावरून मुख्य मुद्दा हाती येतो. 'चालू फोल्डर' ही संपूर्ण संगणकाची एक खूण नव्हे. ती प्रत्येक चालत्या कार्यक्रमाची आपापली असते. टर्मिनलची वेगळी, फाइल मॅनेजरची वेगळी, गाणी वाजविणाऱ्या कार्यक्रमाचीही वेगळी.

येथे एखादा चौकस शिक्षक म्हणेल की मग फाइल मॅनेजरचे ठिकाण त्याच्याकडूनच विचारून घ्यावे. लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाचा एक फोल्डर असतो, त्यात प्रत्येक चालत्या कार्यक्रमाच्या क्रमांकाचा उपफोल्डर असतो व त्या उपफोल्डरात 'सी-डब्ल्यू-डी' या नावाने त्या कार्यक्रमाचे ठिकाण नोंदलेले असते. युक्ती चतुर आहे. फाइल मॅनेजरचा क्रमांक शोधून ती नोंद पाहिली असता उत्तरही मिळते. पण ते बहुधा वापरकर्त्याच्या घर-फोल्डराचे, म्हणजे 'होम'चे असते. खिडकीत 'सहल' उघडा असो की 'निकालपत्रके', उत्तर बदलत नाही. कारण फाइल मॅनेजर फोल्डरात जात नाही, तो फोल्डर केवळ पाहतो. एकच कार्यक्रम एका वेळी पाच खिडक्या उघडून पाच फोल्डर दाखवितो. एकाच्या पायांनी पाच ठिकाणी उभे राहावे तरी कसे? सिडने पॉइंटवरील मनुष्याची जी स्थिती तीच याची. म्हणून तो कोठे उभा आहे असे विचारून भागत नाही. त्याची नजर कोठे आहे असे विचारावे लागते, आणि हा प्रश्न विचारण्याची रीत निराळी आहे.

खिडकीला विचारण्याचे मार्ग

सर्वांत सोपा मार्ग माऊसचा. टर्मिनलमध्ये 'सी-डी' लिहून एक मोकळी जागा सोडावी, आणि खिडकीतील फोल्डरचे चित्र ओढत आणून टर्मिनलवर सोडावे. तेथे चित्र न उमटता त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता उमटतो. ही सोय लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्हींत आहे आणि तरीही ती फार थोड्यांस ठाऊक असते. नावात मोकळी जागा असेल तर पत्त्याभोवती अवतरणचिन्हे पडली आहेत ना, तेवढे पाहावे. 'जनरल रजिस्टर' हे नाव अवतरणचिन्हांविना लिहिल्यास टर्मिनल 'जनरल' हे एक व 'रजिस्टर' हे दुसरे नाव समजते.

मात्र ओढावयाचे चित्र हाती नसते, कारण त्या फोल्डरच्या आतच आपली खिडकी उघडलेली असते, असेही होते. अशा वेळी उबुंटू आदी प्रणालींतील नॉटिलस या फाइल मॅनेजरात 'कंट्रोल' व 'एल' या कळा एकत्र दाबाव्या. वरच्या पट्टीत पत्ता अक्षरांत दिसू लागतो. त्याची नक्कल करून तो टर्मिनलमध्ये चिकटवावा. विंडोजमध्ये पत्त्याच्या पट्टीवर टिचकी मारली की हेच होते, आणि त्याच पट्टीत 'सी-एम-डी' ही तीन अक्षरे लिहून एंटर दाबल्यास आज्ञापटल थेट त्या फोल्डरात उभे राहून उघडते. लिनक्समध्ये खिडकीच्या मोकळ्या जागेवर उजवी टिचकी मारल्यास 'टर्मिनलमध्ये उघडा' असा पर्याय पुष्कळ ठिकाणी मिळतो. वरील प्रसंगातील शिक्षकाने हे एवढे केले असते तर नवे टर्मिनल सहलीच्या फोल्डरातच उघडले असते.

उलट दिशेची रीत याहून निर्धोक आहे, व नवशिक्यास तीच आधी शिकवावी. प्रथम टर्मिनल इष्ट स्थळी न्यावे आणि मग टर्मिनलकडूनच खिडकी उघडवावी. लिनक्समध्ये 'एक्स-डी-जी, आडवी रेघ, ओपन' ही आज्ञा व तिच्यापुढे मोकळी जागा सोडून एक टिंब. विंडोजमध्ये 'एक्सप्लोरर' व टिंब. मॅकवर 'ओपन' व टिंब. टिंबाचा अर्थ 'येथे'. यात पाय आधी पडतात व नजर त्यांच्यामागून जाते.

ज्या शिक्षकास आज्ञावली लिहिण्याची गोडी आहे त्याच्यासाठी आणखी दोन वाटा आहेत. नॉटिलसमध्ये उजव्या टिचकीच्या यादीतून स्वतःची लहानशी आज्ञावली चालविता येते. ती चालविताना नॉटिलस 'नॉटिलस-स्क्रिप्ट-करंट-यू-आर-आय' या नावाच्या चलात खिडकीतील फोल्डरचा पत्ता भरून देते. दुसरी वाट अशी की लिनक्सवरील कार्यक्रम 'डी-बस' नावाच्या निरोपव्यवस्थेद्वारा परस्परांशी बोलतात. टर्मिनलमधून 'जी-डी-बस' या आज्ञेने 'ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट फाइल-मॅनेजर-१' या घटकाकडे 'ओपन-लोकेशन्स' हा गुणधर्म मागितल्यास नॉटिलस उघड्या असलेल्या सर्व ठिकाणांची यादी देते. यादी सर्वांची मिळते, हे विसरू नये. सर्वांत पुढे कोणती खिडकी आहे ते त्यात सांगितलेले नसते. एकच खिडकी उघडी ठेवून विचारणे हा त्यावर सरळ उपाय. विंडोजवर पॉवरशेलमधून 'शेल-ॲप्लिकेशन' या घटकाकडून अशीच यादी मिळते व मॅकवर फाइंडरला प्रश्न विचारणारी 'ओ-एस-ए-स्क्रिप्ट' ही आज्ञा आहे.

देवनागरी नावांची अडचण

या शेवटच्या दोन वाटांनी गेलेल्या शिक्षकास एक चमत्कार दिसेल. फोल्डरचे नाव 'शाळा' असे सुबक देवनागरीत असता हाती येणारा पत्ता टक्क्यांची चिन्हे, रोमन अक्षरे व आकडे यांच्या लांबलचक माळेचा असतो. पुष्कळजण फोल्डर बिघडला असे समजून घाबरतात. बिघडलेले काहीच नसते. संगणक देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन अंशांत साठवितो, आणि या प्रकारच्या पत्त्यात प्रत्येक अंश टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन खुणा असा लिहिला जातो. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे; त्यांचे बारा अंश; म्हणजे छत्तीस खुणा. 'श' एकट्याच्याच नऊ होतात. हा पत्ता 'सी-डी' पुढे तसाच चिकटविला तर टर्मिनल त्याचा स्वीकार करीत नाही. आधी त्याचे पुन्हा देवनागरीत रूपांतर करावे लागते व आरंभीचा 'फाइल' हा शब्द, त्यापुढील विसर्गासारखी खूण व तिला लागून असलेल्या पहिल्या दोन तिरप्या रेघा काढाव्या लागतात. तिसरी रेघ ठेवावी. ती मुळाची खूण आहे. या खटपटीस्तव फोल्डरांस मराठी नावे देऊच नयेत असा सल्ला कोणी देतात. तो स्वीकारण्याचे कारण नाही. चौथीतील मुलास 'छायाचित्रे' हा शब्द वाचता येतो, आणि संगणक शाळेसाठी आहे.

नाव बदलले तरी पाय तेथेच

१९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. त्या दिवशी तासगावचे लोक झोपेतून उठले ते निराळ्या नावाच्या जिल्ह्यात. पण कोणी आपले घर हलविले नव्हते. टर्मिनलच्या बाबतीत हा अनुभव हुबेहूब येतो. टर्मिनल एका फोल्डरात उभे असता खिडकीतून त्या फोल्डरचे नाव बदलावे आणि मग 'पी-डब्ल्यू-डी' ही आज्ञा द्यावी. टर्मिनल जुनेच नाव छापते. ते खोटे बोलते असे नव्हे. ते नाव त्याने आत येताना लिहून घेतले होते. प्रणाली मात्र फोल्डर नावाने नव्हे तर जागेने ओळखते, म्हणून आज्ञेपुढे मोकळी जागा सोडून आडवी रेघ व मोठे 'पी' लिहिल्यास नवे नाव समोर येते. खिडकी व टर्मिनल यांत विरोध दिसला तर प्रथम ही आज्ञा द्यावी.

खिडकीत दिसते ते आणि आत साठविलेले ते यांतील अंतर याहूनही मोठे असू शकते. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात या लहान गावाच्या प्राथमिक शाळेत २००७ साली मुलांस हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक देण्यात आले. 'प्रत्येक मुलास एक संगणक' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग तो हाच. या संगणकांवरील 'शुगर' या रचनेत फोल्डरच नव्हते. मुलाने काढलेले चित्र, लिहिलेला निबंध हे सर्व 'जर्नल' नावाच्या रोजनिशीत दिवसांच्या क्रमाने दिसे. लहान मुलास हे सोईचे होते यात शंका नाही. पण त्याच संगणकात टर्मिनलही होते, आणि त्यातून पाहणाऱ्यास मुलाने दिलेल्या नावाची फाइल सापडत नसे; आत ती एका लांब सांकेतिक नावाखाली ठेविलेली असे. जर्नलमधून फाइल बाहेर काढण्यासाठी एक वेगळीच आज्ञा वापरावी लागे. फोल्डर लपविल्याने पत्त्याचा प्रश्न सुटत नाही, तो शिक्षकाच्या वाट्यास येतो.

वर्गात

हा पाठ संगणकावाचून आरंभावा. दोन मुले निवडावी. एकास 'टर्मिनल' करून त्याचे डोळे बांधावे व वर्गाच्या कोणत्याही कोपऱ्यात उभे करावे. दुसऱ्यास 'खिडकी' करून दारात उभे करावे व बाहेरच्या पटांगणाकडे पाहावयास सांगावे. फळ्यावर 'नजर' व 'पाय' असे दोन रकाने आखावे. शिक्षकाने "येथील वस्तू उचल" असे म्हणावे व टर्मिनल झालेल्या मुलाच्या हाती काय येते ते मुलांनी पाहावे. नंतर टर्मिनल झालेल्या मुलाने खिडकी झालेल्या मुलास "तू कोठे पाहतोस?" असे विचारावे आणि उत्तर पूर्ण पत्त्यानेच मिळावे : "तेथे" हे उत्तर मान्य करू नये, "शाळा, पटांगण, पिंपळाचा पार" हे मान्य करावे. मुले या खेळात रमतात आणि फसलेल्या आज्ञांवर मनमुराद हसतात.

त्यानंतर संगणकावर 'सराव' नावाचा फोल्डर करून त्यात दोन उपफोल्डर व काही रिकाम्या फाइली ठेवाव्या. सराव नेहमी रिकाम्या फाइलींवरच करावा. खिडकीत एक उपफोल्डर उघडावा, टर्मिनल दुसऱ्यात न्यावे, आणि काढून टाकण्याची आज्ञा देण्यापूर्वी कोणत्या फाइली जातील हे मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. मग 'एल-एस' या आज्ञेने टर्मिनलपुढील यादी पाहावी व वहीशी ताडावी, विंडोजवर 'डी-आय-आर'. काढून टाकण्याची आज्ञा यानंतर.

तास संपल्यावर पेनड्राइव्ह काढताना कधी कधी प्रणाली 'साधन वापरात आहे' असे कळवून नकार देते. खिडक्या तर सर्व बंद असतात. अशा वेळी कोठे तरी उघडे राहिलेले टर्मिनल शोधावे. ते बहुधा त्या पेनड्राइव्हवरील एखाद्या फोल्डरात उभे असते. लिनक्समध्ये त्यात पत्त्याविना नुसते 'सी-डी' लिहून एंटर दाबल्यास ते घर-फोल्डरात परतते आणि पेनड्राइव्ह मोकळा होतो.